शंभरात बारा गोल

९ नोव्हेंबर

कॉफी भाजायचं यंत्र आज बसलं. पाच किलोचा ड्रम, खाली गॅस. टेम्पोतून उतरवायला चार माणसं लागली. दादा दारात उभा होता.

"वामन्या, हे तर फुटाण्याचं मशीन दिसून राह्यलं."

"फुटाण्याचंच समज."

"मंग फुटाणेच कर. लोक खातील तरी."

गाळा दादाचा आहे. वडीगोद्रीत, हायवेला तोंड करून. दादा, म्हणजे कारभारी, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. मोसंबीची बाग बघतो आणि बागेतून मोकळा झाला की गाळ्याच्या पायरीवर बसतो. त्यानं मला गुढीपाडव्यापर्यंतची मुदत दिली आहे. एक कृषी सेवा केंद्रवाला गाळा मागतो आहे. तोवर माझी कॉफी वर्षभर घेणारं कुणी पक्कं मिळालं तर गाळा माझ्याकडे राहील. नाही तर यंत्र उचलायचं. कुठे न्यायचं, हे मला माहीत नाही. नवीन जालन्यातल्या आमच्या घरात ते जिन्यापाशीच अडेल.

वय छप्पन्न. सत्तावीस वर्षं बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत होतो. ओलावा, शुद्धता, उगवण. जूनमध्ये स्वेच्छानिवृत्ती घेतली. दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या कामानं चिकमगळूरकडे गेलो होतो, तेव्हा एका छोट्या बागाईतदाराच्या ओट्यावर कॉफी प्यायलो. चार घोट. त्याबद्दल मी अजून कुणाशी नीट बोलू शकलेलो नाही. त्याच बागाईतदाराचा माल आता घेतो.

कॉफीसुद्धा बीच आहे, असं मी बायकोला, प्रेमलाला, म्हटलं होतं. ती म्हणाली, "मग पेरा."

१५ नोव्हेंबर

सहा घाणे झाले. दोन जळाले. तीन बाहेरून काळे, आतून कच्चे. सहावा पिऊन बघितला. गवतासारखा लागला.

समोरचा टपरीवाला बघायला आला. जायफळ किती टाकता, असं त्यानं विचारलं. टाकत नाही म्हटल्यावर त्याचा माझ्यातला रस संपला.

शनिवार असल्यामुळे जालन्याला घरी आलो. प्रेमलासाठी एक कप केला. तिनं बँकेतून आल्या आल्या, पर्सही न ठेवता, घोट घेतला.

"हे तुम्ही रोज पिणार?"

"हो."

"एकटेच?"

२३ नोव्हेंबर

दुपारी एक बाई आल्या. साठीच्या. हातात कापडी पिशवी.

"साहेब, वळखलं का?"

ओळखलं नव्हतं.

"मी साळूबाई. कंपनीत खाली निवडायला होते. तुम्ही वर, लॅबमधी."

एकाच इमारतीत आम्ही वीस वर्षं तरी होतो. रंग ओळखून दाणे उडवणारं यंत्र आलं आणि निवडणाऱ्या बायका घरी गेल्या, एवढं मला माहीत होतं. त्या कोण, ते माहीत नव्हतं.

"इथं दाणे भाजून राह्यले म्हणं. निवडतं कोण?"

"कुणीच नाही."

त्यांनी पोत्यात हात घातला. मूठभर दाणे तळहातावर पसरले आणि तळहात माझ्यासमोर धरला. काळे, फुटके, किडीनं भोक पाडलेले. सत्तावीस वर्षं शुद्धता तपासणारा माणूस पोतं फोडून सरळ ड्रममध्ये ओतत होता.

उद्यापासून या म्हटलं.

२४ नोव्हेंबर

साळूबाईंबरोबर त्यांची पुतणी बेबीनंदा आली आहे. तिशीची, तीही कंपनीत निवडायला होती, तोंडाची फटकळ. दोघी खाली चवाळ्यावर बसल्या, समोर सूप आणि ताट. मी सूचना दिल्या. काळे, फुटके, किडके बाजूला काढायचे.

"अन् भेसळ?" साळूबाईंनी विचारलं.

मी यंत्राच्या पट्ट्याकडे बघत होतो. "भेसळ तर काढायचीच," म्हटलं.

४ डिसेंबर

आजचा घाणा निराळा आहे. रंग सगळीकडे सारखा. एक दाणा चावून बघितला, मग दुसरा, मग दहा. दहाही सारखे. कॉफी केली. ओट्यावरचे ते चार घोट आठवले, असं लिहिणार होतो. आठवले नाहीत, पण त्या दिशेनं काहीतरी आहे.

परवा ड्रमचा वेग थोडा कमी केला होता. त्याचाच परिणाम.

दादाला कप दिला. तो म्हणाला, जळकं आहे. कप मात्र रिकामा केला.

५ डिसेंबर

दादा दहा वाजता आला. "आण तुझं ते जळकं."

१२ डिसेंबर

संभाजीनगरला ऋषी नावाच्या तरुणाची कॉफीची तीन दुकानं आहेत. त्याला नमुना पाठवला होता. आज फोन आला. एकही सांडू नये म्हणून मी लिहून घेतलेले त्याचे शब्द: "सर, एकसारखेपणा फार छान आहे. मोठे लोकही इतकं एकसारखं देत नाहीत."

त्याची अट अशी. वीस-वीस किलोचे तीन लॉट. जानेवारीत एक, फेब्रुवारीत एक, मार्चच्या दहा तारखेच्या आत एक. तिन्ही या नमुन्यासारखे उतरले तर तिन्ही दुकानांची वर्षभराची कॉफी माझी.

म्हणजे पाडव्याआधी निकाल. दादाला सांगितलं.

"अन् न्हाई उतरले तर?"

"तर कृषी सेवा केंद्र."

"बराबर," दादा म्हणाला आणि बागेकडे गेला.

२० डिसेंबर

एक गोष्ट जुळत नाही. शंभर किलो माल निवडायला दिला की चौऱ्याऐंशी परत येतो. काळे, फुटके, किडके मिळून चार किलो भरतात. ते मी स्वतः मोजतो. बारा किलो कुठे जातो?

बागाईतदाराला फोन केला. वजन कमी भरता का, असं विचारलं. तो एवढंच म्हणाला, "पोतं काट्यावर ठेवून मग फोन करा." पोतं ठेवलं. वजन बरोबर होतं.

मग गाळ्यातच.

२३ डिसेंबर

हे लिहिणार नव्हतो.

दुपारी दोघी पाणी आणायला हापशावर गेल्या. साळूबाईंची पिशवी खुंटीला होती. मी ती उतरवली, गाठ सोडली. भाकरी, ठेच्याची डबी, कंगवा, औषधाची अर्धी पट्टी. गाठ परत बांधली. पिशवी खुंटीला लावली.

दोघी आल्या. साळूबाईंनी पिशवी उतरवली, क्षणभर हातात धरली, पुन्हा लावली. जेवणाची वेळ अजून झाली नसावी.

२ जानेवारी

पहिला लॉट गेला. संध्याकाळी ऋषीचा फोन: "सर, बिलकुल नमुन्यासारखा."

माझ्या हाताला आता वेग कळला आहे. ड्रमचा आवाज, गॅसची आच, सगळं अंगात उतरलं आहे. प्रेमलाला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, "दोघींना काही गोड खायला आणलंत का?" मला ते सुचलं नव्हतं.

९ जानेवारी

बारा किलोंचा शोध लागला.

यंत्रामागे रिकाम्या पोत्यांचा ढीग आहे. आज पट्टा बदलायला तो सरकवला. खाली पाच पिशव्या, सुतळीनं शिवलेल्या. प्रत्येकीवर पुठ्ठ्याची चिठ्ठी: लॉट, तारीख, वजन. अक्षर बेबीनंदाचं. एक उसवली. आतही तशीच चिठ्ठी. कंपनीत बियाण्याच्या पिशवीला लावतात तशी, आत एक, बाहेर एक.

आणि आत गोल दाणे. एकही चपटा नाही.

कॉफीच्या फळात बहुधा दोन बिया असतात, एकमेकींना टेकून वाढतात, म्हणून एका बाजूनं चपट्या. कधी कधी एकच वाढते. ती गोल होते. तिला पीबेरी म्हणतात. मोठे मळेवाले ती वेगळी काढून जास्त भावानं विकतात. माझा बागाईतदार सरसकट माल देतो, म्हणून ती मिसळलेली येते. त्याच्याकडे यंदा शंभरात बारा.

"हे काय केलंत?"

"भेसळ काढली, साहेब."

"ही भेसळ नाही! हाच तर सगळ्यात चांगला माल."

"दिसायला दुसरा हाय, भाजायला दुसरा हाय. मंग भेसळच झाली ना. तुम्हीच म्हणले, भेसळ तर काढायचीच."

बेबीनंदा म्हणाली, "फेकली तर न्हाई ना. शिवून ठेवली. कंपनीत ठेवायचो तशी."

मी समजावलं. एकच झाड, एकच फळ, एकच जात. साळूबाई ऐकत होत्या. समजावून झाल्यावर म्हणाल्या, "एका आईची बी दोन लेकरं एका आचेवर शिजत न्हाईत, साहेब."

मी हसलो. पाचही पिशव्या चांगल्या मालात परत ओतायला सांगितल्या. यापुढे गोल दाणे काढायचे नाहीत.

"तुमची मर्जी."

मोठी चूक वेळेवर पकडली. शंभरात बारा, आणि तेही सगळ्यात उत्तम, दीड महिना पोत्यांखाली पडून होते. दुसरा लॉट पहिल्यापेक्षा सरस होईल.

३ फेब्रुवारी

दुसरा लॉट गेला. रंगात किंचित फरक वाटला. थंडीमुळे असेल.

६ फेब्रुवारी

ऋषीचा फोन. आवाज सभ्य होता. त्यामुळे जास्त लागलं.

"सर, हा तुम्हीच भाजलाय ना?"

"हो. का?"

"काही दाणे कच्चे राहिलेत, काही पुढे गेलेत. एका कपात दोन चवी येतायत. काय बदललंत?"

काहीच बदललं नाही, म्हणालो. खरंच तसं वाटत होतं.

तो म्हणाला, तिसऱ्या लॉटवर ठरवू. तिसरा पहिल्यासारखा आला तर दुसरा विसरून जाऊ. नाही तर थांबू.

दादा पायरीवर होता. त्याला सगळं ऐकू गेलं असणार. त्यानं कप धुतला आणि उपडा ठेवला. एरवी तो धूत नाही.

१४ फेब्रुवारी

आठ दिवसांत अकरा चाचण्या. वेग वाढवला, कमी केला. गॅसची टाकी बदलली. नवा तापमापक आणला. दाण्यांचा ओलावा मोजला, अकरा टक्के, अगदी बरोबर. दारं लावून भाजलं, उघडी ठेवून भाजलं. प्रत्येक वेळी तेच. काही कच्चे, काही पुढे गेलेले.

मला हे काम येत नाही, असं आज वाटलं. पहिला लॉट नशिबानं जमला. छप्पन्नाव्या वर्षी माणूस नशिबाला कौशल्य समजायला लागला तर त्याला कुणी सांगावं?

कृषी सेवा केंद्रवाला आज गाळ्याची लांबीरुंदी मोजून गेला. टेपचं एक टोक मीच धरलं.

१५ फेब्रुवारी

रविवार म्हणून प्रेमला आली. अंबडपर्यंत एसटी, पुढे जीप. गाळ्यात तासभर बसली. मी बारावी चाचणी घेत होतो. दाणे तडकायला लागले. लाह्यांसारखा आवाज येतो. तो थांबत आला की मी दाणे बाहेर काढतो.

नंतर ती म्हणाली, "दाणे तडकत होते तेव्हा त्या साळूबाई निवडायच्या थांबल्या होत्या. मान वर करून ऐकत होत्या. तुम्ही दाणे बाहेर काढलेत तेव्हा त्यांनी बेबीनंदाकडे बघून मान हलवली. अशी."

"कशी?"

"नाही अशी. तुम्ही त्यांना विचारलंत का?"

"काय विचारायचं?"

प्रेमलानं माझ्याकडे बघितलं. मग साडेचारची जीप आहे म्हणाली आणि उठली.

२० फेब्रुवारी

आज विचारलं.

बेबीनंदा दळणाला गेली होती. मी साळूबाईंसमोर चवाळ्यावर बसलो. त्या जरा मागे सरकल्या.

"त्या दिवशी तुम्ही मान हलवली."

"हलवली असंल."

"का?"

त्यांनी ताट बाजूला सारलं. "बोलू का, साहेब? राग न्हाई ना यायचा?"

"नाही."

"बाजरीचा लॉट आठवतो का? मोठी वीस पोती होती. तुम्ही नापास केल्ता. भेसळ निघाली म्हणून."

आठवत नव्हता.

"चिठ्ठी खाली आल्ती, तुमच्या सहीची. आम्ही चौदा बाया होतो टेबलाला. चौदाच्या चौदा आठ दिवस घरी बसवल्या. त्यातल्या एकीचं पोरगं दवाखान्यात होतं." हे त्या रागानं सांगत नव्हत्या. हवापाणी सांगावं तसं सांगत होत्या. "तवापासून डोळ्यानं सवयच घेतली. एक दाणा जरी निराळा दिसला, हात जातोच. तुमच्याच सहीनं शिकवलं ते."

मी रोज तीस-चाळीस चिठ्ठ्यांवर सही करायचो. खाली काय होतं ते बघायला जिना उतरावा लागला असता.

"अन् दुसरं. माझ्या पिशवीची गाठ मी डावीकडून मारते."

मी मान खाली घातली.

"मी काही म्हणले न्हाई. तुमचा माल कमी भरून राह्यल्ता. तुमी बघणारच. आता कामाचं ऐका. चपटा दाणा आधी तडकतो. तडतड थांबती, तुमी समजता झालं. पण मागून गोल दाण्याची सुरू व्हती, बारीक. तवा तुमी दाणे काढून घेता. मंग गोल कच्चा. थोडं थांबून काढलं का चपटा जळाला. दोन्ही एका घाण्यात तुमी कितीबी मशीन फिरवा, बसायचं न्हाई."

"हे तुम्ही महिनाभर आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं की. तुमी हसले."

२१ फेब्रुवारी

वेगळे केले. चपटे चार किलो, गोल चार किलो.

चपटे आधी. तडतड सुरू झाली, वाढली, थांबली. साळूबाई म्हणाल्या, "आता." मी काढले. मग गोल. तडतड पाऊण मिनिट उशिरा. माझा हात दांड्याकडे गेला. "थांबा," त्या म्हणाल्या. थांबलो. "जल्दी नका करू. थांबा. आता."

दोन कप केले. चपट्यांचा कप पहिल्या लॉटसारखा. तोच, नेमका तोच.

गोल दाण्यांचा कप घेऊन मी बाहेर गेलो. पहिला घोट घेतला. समोरून उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याच्यामागे एसटी गेली. चौथा घोट संपेपर्यंत मी उभाच होतो.

आत येऊन म्हणालो, "साळूबाई, घ्या."

"मला न्हाई चालत ते कडू."

"एक घोट."

त्यांनी घेतला. बराच वेळ तोंडात धरला. "गुळाची ढेप ठेवल्याली खोली असती ना," त्या म्हणाल्या, "त्या खोलीचं दार उघडल्यावर जसं येतं, तसं हाय."

ऋषीला दुसऱ्या लॉटबद्दल फोन करून खरं सांगितलं: काही बदललं नव्हतं हे खोटं होतं, मला ते माहीत नव्हतं इतकंच. तो म्हणाला, "दहा मार्च, सर."

२६ फेब्रुवारी

समोरच्या टपरीवाल्यानं आज आपल्या गिऱ्हाइकाला बोट दाखवलं: "कडक पाहिजे तर तिकडं जा." दोन ड्रायव्हर आले. दूध, साखर, दोन्ही घालून कॉफी दिली. एक म्हणाला, बीडला जाईपर्यंत डोळा लागायचा नाही. दादानं त्यांना सांगितलं की ही गोल दाण्याची आहे, आणि गोल दाणा म्हणजे काय ते पाच मिनिटं समजावलं. सगळं बरोबर सांगितलं.

८ मार्च

तिसरा लॉट भाजून झाला. कामाला वेग यावा म्हणून मीही दोन दिवस निवडायला बसलो होतो. परवा सकाळी गाडी न्यायला येईल. आज शांत झोप लागेल.

९ मार्च

सकाळी आठला साळूबाईंनी लॉट नापास केला.

मी पोती शिवायला सुतळी ओवत होतो. त्यांनी चारही पोत्यांतून एकेक मूठ काढली, चार ताटांत पसरली. तीन ताटं पुढे सरकवली. चौथ्यावर बोट ठेवलं.

"हे न्हाई जायचं."

"का?"

"गोल हायेत."

मी प्रयोगशाळेच्या पद्धतीनं चारशे दाणे मोजले. सात गोल. दोन टक्क्यांनाही कमी.

"चारशेत सात चालतात, बाई."

"बाजरीत किती चालत होते?"

मी मोजलेले दाणे ताटात परत सारले.

बेबीनंदा हसू दाबत होती. "साहेब, चौथं पोतं तुम्ही निवडल्यालं हाय."

"भाजलेल्यातूनच सात-सात वेचून काढू," मी म्हटलं. "दोन तासांत होईल. कुणाला कळणार नाही."

साळूबाई उठल्या. त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. "निवडायचं कच्च्यात असतं, साहेब. भाजल्यावर जे करतात त्याला झाकणं म्हणतात. तुमी आमचा लॉट झाकला असता का?"

नसता.

चौथं पोतं बाजूला केलं. पुन्हा पाच किलो भरायला सहा किलो कच्चा माल लागणार. पण भाजलेलं एक पोतं नवं आणि तीन कालची, म्हणजे लॉट सारखा राहिला नाही. हे मीच म्हणालो. साळूबाई म्हणाल्या, "आता बोलले लॅबवाल्यासारखं." चारही पोती रद्द केली. चोवीस किलो कच्चा माल पहिल्यापासून. हातात एक दिवस.

दोघी चवाळ्यावर बसल्या. मी बसायला गेलो तर बेबीनंदा म्हणाली, "तुम्ही चहा करा."

दहाला दादा आला, कप मागितला, प्रकार ऐकला, चष्मा लावला आणि खाली बसला. "मोसंबीची प्रतवारी करतो मी. दाण्याला काय डोळे फुटले का?" पंधरा मिनिटांनी साळूबाईंनी त्याचं ताट तपासलं आणि परत त्याच्यासमोर ठेवलं. "कारभारीभाऊ, तीन राह्यलेत." दादानं ते तीन शोधायला आणखी दहा मिनिटं घेतली. दोनच सापडले. मग तो दोघींची रिकामी सुपं भरून द्यायच्या कामाला लागला.

दीडला निवड संपली. प्रत्येक ताट साळूबाईंच्या हाताखालून गेलं. दुपारी पाच घाणे. मी दांड्यापाशी, त्या स्टुलावर. तडतड थांबली की मी त्यांच्याकडे बघायचो. पाचव्या घाण्याला मी बघितलं नाही. मला आवाज कळला, मी हात घातला, आणि त्याच क्षणी त्या म्हणाल्या, "आता."

साडेपाचला चार ताटं पुन्हा पसरली. त्यांनी बोटांनी दाणे फिरवले. मी तिथे उभा होतो, हात मागे बांधून. खाली चिठ्ठी येण्याची वाट बघणं काय असतं ते आज कळलं.

"शिवा," त्या म्हणाल्या.

मी शिवली. शेजारी गोल दाण्यांची तीन किलोची एक वेगळी पिशवी ठेवली, न मागितलेली.

१० मार्च

गाडी आली. माल गेला.

१३ मार्च

सकाळी अकरा. ऋषी.

"सर, पहिल्यासारखा नाहीये."

मी गॅस बंद केला.

"पहिल्यापेक्षा पुढचा आहे. तिन्ही दुकानं, वर्षभर. आणि ती छोटी पिशवी काय आहे? माझ्याकडच्या पोरांनी दोन दिवसांत संपवली. गिऱ्हाइकाला दिलीच नाही त्यांनी. तो माल जेवढा असेल तेवढा सगळा मला हवा."

फोन ठेवला. तिघंही माझ्याकडे बघत होती. मी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर लिहून त्यांच्यापुढे धरलं: तीन दुकानं, वर्षभर. बेबीनंदानं ते मोठ्यानं वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं, बाहेर जाऊन, टपरीवाल्याला ऐकू जाईल असं.

साळूबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "म्हणजे उद्या माल लागंल," त्या म्हणाल्या आणि सूप ओढलं.

दादानं खिशातून फोन काढला. लांब धरून नंबर लावला. "हां. कारभारी बोलून राह्यलो, वडीगोद्रीहून. गाळ्याचं बोललो होतो ना आपण, ते कॅन्सल. ... न्हाई, भाऊ चालवतो. ... किती दिवस ते कसं सांगू? चाललंय जोवर चाललंय." फोन खिशात घातला आणि मला म्हणाला, "बघतो काय? आण."

प्रेमलाला बँकेत फोन केला. कामात होती. तरी तिनं सगळं ऐकलं. शेवटी म्हणाली, "साळूबाईंना काय सांगितलंत?"

यावेळी माझ्याकडे उत्तर होतं. आजपासून लॉट पास-नापास करायचं काम त्यांचं. मी भाजणार. त्यांनी नाही म्हटलं की माल जाणार नाही. बेबीनंदाच्या हाताखाली आणखी चार बायका घ्यायच्या. कंपनीतल्या त्या चौदांपैकी ज्या येतील त्या.

"आणि त्या काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, बघते."

१९ मार्च, पाडवा

दादाच्या घरावर गुढी. गाळ्यातही एक, बेबीनंदानं उभारली. प्रेमला सकाळीच आली. श्रीखंड घेऊन, सगळ्यांपुरतं. नव्या बायकांपैकी दोघी आल्या आहेत. एकीनं मला बघून पदर सावरला. मी खाली बसून तिचं नाव विचारलं. गिरिजाबाई.

दुपारी ऋषी आला, कागद घेऊन. मला वाटलं होतं त्याहून लहान आहे, अठ्ठावीस-तीसचा. गाडीतून उतरला तेव्हा त्यानं आधी पाटीकडे बघितलं, मग पायरीवरच्या दादाकडे, मग आत आला. गोल दाण्यांचं निवडलेलं ताट समोरच होतं. त्याचा चेहरा लहान पोरासारखा झाला. त्यानं दोन्ही हात ताटात घातले, ओंजळ भरली आणि नाकाशी नेली.

"हात काढा," साळूबाई म्हणाल्या.

ऋषी दचकला. दाणे ओंजळीतच राहिले.

"पास झाल्याला माल हाय तो. प्रवासाचे हात घालून राह्यले त्यात. बेबीनंदा, हे ताट परत घे."

वर्षभराची कॉफी घेणारा माणूस ओंजळ धरून उभा होता आणि माझ्याकडे बघत होता. मी त्याला वाचवावं, असं त्याला वाटत असावं.

"ओंजळीतले त्या सुपात टाका," मी म्हटलं. "ते पुन्हा निवडावे लागतील."

त्यानं टाकले. एकेक बोट झटकून, दाणा खाली पडणार नाही असं बघून.

"सर, इथे रोस्टर कोण?" त्यानं हळूच विचारलं.

पायरीवरून दादा म्हणाला, "भाजतो हा. पण हिला इचारून." मग त्यानं शेजारची जागा हातानं झाडली. "या, बसा. हापसा तिकडं मागं हाय. हात धुऊन या, मंग जळकं भेटंल."

ऋषी हापशाकडे गेला.